मदत हवी आहे: डोक्याला लागलेल्या मुलाला रविवारी खेळवायचं का?

खाडीकाठ: लवकर सांगा, रविवारी सामने आहेत. सरावात आमच्या मंडळाच्या एका पोराच्या डोक्याला लागलं. सीटी स्कॅन नॉर्मल आहे. वडील म्हणतात, रिपोर्ट चांगला आलाय, खेळवा. मला पटत नाही, पण त्यांना दाखवायला हातात काही नाही. किती दिवस बाहेर ठेवायचं याचा लेखी नियम असतो का? असला तर मंडळाला कायमचाच लावतो.

माडाची_वाडी: खेळ कुठला? वय काय? कधी लागलं? शुद्ध हरपली होती का? काहीच न सांगता लवकर काय सांगणार?

जांभा: कबड्डी असेल तर मातीवर की मॅटवर? आम्ही माती चाळून, पाणी मारून, खडा न खडा वेचून मैदान करायचो. आता ती मेहनत कोणाला नको.

खाडीकाठ: कबड्डीच, मातीवर. १३ वर्षांचा आहे. मंगळवारी संध्याकाळी पकडीत दुसऱ्याचा गुडघा कानशिलावर बसला. शुद्धीवर होता. उठला, माती झटकली आणि मला विचारलं, "दादा, चढाई कोणाची?" मी सांगितलं. अर्ध्या मिनिटात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तेव्हाच बाहेर बसवला. आज गुरुवार, अजून पडवीत ऊन आलं की डोळ्यांवर हात घेतो.

मालवणी_माणूस: तेका कांदो फोडून हुंगवलास काय? आमच्याकडे कोण पडलो की आधी ताच करतत.

सिस्टर_दापोली: कांदा नको, काहीच हुंगवू नका. खाडीकाठ, तुमचा संशय बरोबर आहे. स्कॅन रक्तस्राव आणि हाडाची मोड बघायला असतो. मेंदूला बसलेला हादरा, म्हणजे कन्कशन, त्यात बहुतेक वेळा दिसतच नाही. त्यासाठी बेशुद्ध पडावं लागतं असंही नाही. तोच प्रश्न तीनदा विचारणं हेच लक्षण. उलट्या झाल्या का? डोकेदुखी वाढतेय का? जास्त झोपाळलाय का? एकाचंही उत्तर हो असेल तर हे वाचत बसू नका, १०८ला फोन करा.

खाडीकाठ: उलटी नाही. डोकं दुखतं, पण वाढलेलं नाही.

यॉर्कर: पोरांना हेल्मेट द्या, विषय संपला.

माडाची_वाडी: कबड्डीत हेल्मेट? आणि हेल्मेटने कवटी वाचते, आतला मेंदू हलायचा थांबत नाही. क्रिकेटमध्ये २०१९ला लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या स्मिथला इंग्लंडच्या आर्चरचा चेंडू मानेला लागला. तपासणी झाली, तो पुन्हा फलंदाजीला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं दुखायला लागलं आणि लाबुशेन बदली आला. एवढे डॉक्टर हाताशी असून लक्षणं दुसऱ्या दिवशी कळली. आपल्या मैदानावर कोण असतं? पंच आणि बर्फाची पिशवी.

यॉर्कर: मी क्रिकेटबद्दलच बोलत होतो.

सिस्टर_दापोली: लेखी नियम आहेत. अमेरिकेत झॅकरी लिस्टेड नावाचा मुलगा २००६मध्ये डोक्याला मार बसूनही त्याच अमेरिकन फुटबॉल सामन्यात पुन्हा उतरला आणि नंतर कोसळला. तोही १३ वर्षांचाच. त्यानंतर वॉशिंग्टन राज्याने २००९मध्ये कायदा केला: संशय आला की मुलगा बाहेर, आणि लेखी वैद्यकीय परवानगीशिवाय परत नाही. ब्रिटनच्या २०२३च्या सूचना गावपातळीच्या खेळांसाठीच आहेत, त्यात सामन्याआधी किमान २१ दिवस. पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाईल कमी. मग चालणं, हलकं धावणं, एकट्याचा सराव. पकडीचा सराव १४ दिवस काही त्रास नसेल तरच, तोही डॉक्टरांना विचारून. त्रास वाढला की एक पायरी मागे. शाळा आधी, खेळ नंतर.

जांभा: २१ दिवसांत हंगाम जाईल.

सिस्टर_दापोली: हंगाम पुढच्या वर्षी येतो. पहिला हादरा बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर कोवळ्या मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. क्वचित होतं, पण होतं.

खाडीकाठ: शुक्रवार रात्र. सिस्टर, तुमचं लिहिलेलं त्याच्या वडिलांना घरी जाऊन वाचून दाखवलं. त्यांचा राग गेलेला नाही, जिल्ह्याच्या निवडीचं त्यांच्या डोक्यात आहे. पोरगा आज शाळेत गेला, तिसऱ्या तासाला डोकं धरून परत आला. रविवारच्या यादीतलं त्याचं नाव मी कापलंय. सोमवारी मंडळाच्या बैठकीत नियम मांडतोय, सगळ्या पालकांच्या सह्या घेणार.