नाटोची वर्गणी आणि कोजागिरीचं दूध

जोशी काका (ए-२०३): नाटोवाल्यांनी, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीने, २०२५ ला हेगला ठरवलंय, २०३५ पर्यंत जीडीपीच्या ५ टक्के संरक्षणाला. आपल्या मेंटेनन्ससारखंच की! ब्रुसेल्सच्या मुख्यालयाला भरा, वॉचमन अमेरिका.

मेघना (बी-५०१): ब्रुसेल्सला नाही हो काका. ज्याचे पैसे त्याच्याच सैन्यावर. त्यातही ३.५ लष्करावर, उरलेले १.५ पूल, रस्ते, सायबर वगैरेंवर. सामाईक फंड आहे, पण त्या मानाने चिमूटभर.

सेक्रेटरी: टँकर ४ वाजता येतोय. पंप कोणी चालू करू नये.

जोशी काका: मग प्रत्येकजण रणगाडेच घेत बसेल. विमानं कोण आणणार?

मेघना: म्हणून तर चार वर्षांचं चक्र असतं. कसल्या संकटाची तयारी ठेवायची ते आधी मंत्री ठरवतात. मग लष्करी लोक यादी काढतात: इतक्या ब्रिगेड, इतकी हवाई संरक्षण यंत्रणा, हवेत इंधन भरणारी विमानं. ती ३२ देशांत वाटायची. लिथुआनिया, लाटविया, एस्टोनियाकडे लढाऊ विमानं नाहीत, तर २००४ पासून बाकीचे पाळीपाळीने तिथे गस्त घालतात. आइसलंडकडे तर सैन्यच नाही 😄

सावंत वहिनी (सी-१०४): यादी हवीच बाई. मागच्या कोजागिरीला सहा घरांतून भेळ आली, दूध एकाकडूनही नाही.

जोशी काका: पण तिथे मतदान नसतं, सगळं एकमताने. एखादा अडून बसला तर?

मेघना: गंमत तिथेच आहे. वाटा ठरवताना ज्याचा वाटा, त्याचा एकट्याचा नकार धरत नाहीत. बाकीचे ३१ हो म्हणाले की मंजूर.

जोशी काका: आणि मंजूर होऊनही नाही केलं तर दंड?

मेघना: दंड नाही. दर दोन वर्षांनी सगळ्यांसमोर हिशेब मांडायचा, एवढंच. आधीचं २ टक्क्यांचं वेल्समध्ये ठरलं २०१४ ला, तेव्हा तेवढा खर्च करणारे तीनच होते: अमेरिका, ब्रिटन, ग्रीस. लाजेने फार काही झालं नाही. २०२२ ला रशिया पूर्ण ताकदीने युक्रेनमध्ये घुसला तेव्हा कुठे पाकिटं उघडली.

जोशी काका: आमच्याकडेही थकबाकीदारांची नावं बोर्डावर लावून काय झालं म्हणा.

सावंत वहिनी: ते राहू दे. यंदा दूध बी विंगकडे. ए आणि सीचं एकमत आहे ना?

जोशी काका: आहे 👍

मेघना: अहो वहिनी! ३० लिटर??

सावंत वहिनी: बी विंगचा नकार धरायचा नाही. तूच सांगितलंस.