वेळा 'सक्तीने' पाळायच्या की 'कडकपणे'?

दुधनाकाठ: जिंतूर तालुक्यातलं गाव आमचं. पाण्याच्या टाकीवर बोर्ड रंगवायचाय. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर मीच बसतो, म्हणून मजकूर माझ्या गळ्यात पडला. 'टाकीजवळ कपडे धुण्यास सक्त मनाई' ही ओळ सगळ्यांना मंजूर. पुढं 'पाण्याच्या वेळा सक्तीने पाळाव्यात' लिहिलंय, ते मला खटकायलंय. सरपंच म्हणायलेत, जुने लोक सख्तीनंच म्हणतात. 'कडकपणे' करू का?

सेलूचे गुरुजी: खटकतंय ते बरोबर. सक्तीत दुसऱ्याचा जोर असतो. सक्तीने रजेवर धाडतात, सक्तीने जमीन संपादन करतात. ज्याच्यावर येते त्याला कोण विचारतं? गावानं आपणहून वेळ पाळायची, तर 'काटेकोरपणे'. 'कडकपणे' माणूस वागतो, वेळ कडकपणे पाळत नाहीत. 'सक्त' विशेषणाची गोष्ट वेगळी. ताकीद, मनाई, मजुरी यांच्यामागं फारसीतला कडक, कठीण हा अर्थ अजून टिकून आहे.

नांदेडवाली: गुरुजी, सरपंचांना एवढ्यात नापास करू नका. 1948 च्या सप्टेंबरात निजामी राज्य संपेपर्यंत आपल्याकडं कचेरी उर्दूत चालायची. माझे आजोबा उर्दूत शिकलेले. 'पोरांशी सख्तीनं वागू नको' म्हणजे कठोर वागू नको, जबरदस्तीचा संबंध नाही. बोलण्यात राहू द्या, बोर्डावर नको.

अन् खरं सांगू, बोलताना हे 'पणे' येतंच कुठं? आमची माय 'कठोरपणे' कधी बोलली नाही. दमात घेती, खडसावून सांगती, फारच झालं तर डाफरती. 'कठोरपणे कारवाई' पेपरात.

दुधनाकाठ: पेंटर अक्षरावर पैसे घेतो. 'वेळा काटेकोर पाळाव्यात' चालंल का?

सेलूचे गुरुजी: चालेल, उलट सुटसुटीत. अन् सरपंचांना 'सक्तीने' हवंच असेल तर पाणीपट्टीखाली लिहा: 'थकबाकी सक्तीने वसूल केली जाईल'. तिथं तो शब्द चपखल बसतो. फक्त 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात पायऱ्या आहेत, आधी बिल, मग मागणीची नोटीस, जप्ती त्यानंतर. थेट मोटार उचलून आणू नका.

दुधनाकाठ: ती ओळ सरपंच काही टाकू द्यायचे नाहीत गुरुजी. पहिलं बिल त्यांच्याच भावकीत द्यावं लागंल.