कोल्हापुरात जपानी मेपल कसा टिकवावा?

प्रश्न (राजारामपुरी)

नमस्कार. दिवाळीच्या सुमारास मागवलेले जपानी मेपलचे कलम मी अंगणात, पश्चिमेकडच्या भिंतीलगत काळ्या मातीत लावले होते. हिवाळाभर ते बरे होते. परंतु मार्चपासून पंजासारख्या पानांची टोके करपू लागली आणि आता मेच्या अखेरीस हात लावताच पानांचा चुरा होतो. नखाने खरवडल्यास बुंध्याची साल आतून अजून हिरवी दिसते. सोबत बियांची एक पुडी आली असून तिच्यावर निळ्या पानांच्या मेपलचे चित्र आहे. रोप वाचेल का, आणि बी कसे रुजवावे, हे कृपया कळवावे.

उत्तर १ (पन्हाळा)

साल हिरवी आहे तोवर आशा आहे. पश्चिमेची भिंत दिवसभर तापून रात्रीही धग सोडते, आणि आपली काळी माती जुलैच्या झडीत पाणी धरून ठेवत असल्यामुळे उन्हातून वाचलेले रोप मुळकुजीने जाते. म्हणून पहिला पाऊस झाला की ते मुळांभोवतीच्या मातीसह उचलून तांबडी माती, जाड वाळू आणि पालापाचोळ्याचे खत यांच्या मिश्रणात, निचरा चांगला असलेल्या कुंडीत लावावे, कुंडी सकाळी दहापर्यंतच ऊन मिळेल अशी पूर्वेला ठेवावी आणि वर उसाच्या पाचटाचा थर द्यावा. नवे फुटवे येईपर्यंत रासायनिक खत मुळीच देऊ नये. निळ्या पानांचा मेपल निसर्गात नाही, ते चित्र रंगवलेले आहे. खरे बी जोडपंखी असते. ते ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये सुमारे ४ अंशांवर तीन ते चार महिने ठेवल्यावरच रुजते.

उत्तर २ (नागाळा पार्क)

वरील सल्ला योग्यच आहे, पण मूळ अडचण थंडीची आहे. या झाडाला पानगळीनंतर कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, आणि कोल्हापुरात जानेवारीतही रात्रीचे तापमान सरासरी १४-१५ अंशांच्या आसपास राहते. विश्रांती न मिळाल्याने माझे रोप दरवर्षी कमी पाने काढत तिसऱ्या वर्षी गेले. मेपलच हवा असेल, तर हिमालयाच्या पायथ्यापासून सुमारे २००० मीटर उंचीपर्यंत वाढणारा एसर ऑब्लाँगम पाहावा. त्याची पाने पंजासारखी नसून अखंड असतात आणि बी मात्र तसेच जोडपंखी असते. बोन्सायसाठी तीन टोकांच्या पानांचा ट्रायडंट मेपल जपानी मेपलपेक्षा उष्णता जास्त सोसतो.

उत्तर ३ (राधानगरी)

लाल पानांचीच ओढ असेल, तर कुसुंबाचा विचार जरूर करावा. मेपल, कुसुंब, रिठा आणि लिची ही सारी एकाच कुळातली झाडे आहेत. मेपल लाल होतो तो गळण्यापूर्वी. कुसुंब लाल होतो तो फाल्गुन-चैत्रात, नव्या पालवीने. आमच्या बांधावरच्या झाडाची ती पालवी पहिले काही दिवस ओलसर, मऊ आणि शेंदरी-तांबडी असते, उन्हाकडे धरली की शिरा स्पष्ट दिसतात, आणि मग ती हळूहळू हिरवी होते. झाड सावकाश वाढते, पण मोठे होते. त्यामुळे घराच्या पायापासून निदान २० फूट दूर लावावे.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. वळीव झाल्यावर कलम कुंडीत हलवले आहे, आणि बुंध्यावर एक लालसर डोळा फुगलेला दिसतो आहे. कुसुंबाचे ताजे बी राधानगरीकडे मिळाल्यास मी स्वतः येऊन घेऊन जाईन.