शॉर्ट्सचे व्ह्यूज वाढले, कमाई का नाही? (मराठी रिमिक्सवाल्यांसाठी)

ठेका_एडिट्स:
यूट्यूबने शॉर्ट्सची मोजणी बदलल्यापासून कोळीगीतं, लावण्यांचे डीजे रिमिक्स टाकणाऱ्या चॅनेलचे व्ह्यूज फुगलेत, कमाई मात्र आहे तिथेच. मोजणीत नेमकं काय बदललं? गाणं वापरलं की अर्धे पैसे म्युझिक कंपनीला जातात, हे खरं का? आणि शॉर्ट 3 मिनिटांपर्यंत चालतो, तर अख्खं रिमिक्स टाकावं का?

स्टुडिओ_कट्टा:
31 मार्च 2025 पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरतात. किती सेकंद बघितला याची अट नाही, आणि लूपमध्ये परत वाजला की आणखी एक. रिमिक्स लूपवरच चालतात, म्हणून त्यांचा आकडा जास्त फुगतो. पैसे मात्र जुन्या पद्धतीच्या मोजणीवर, म्हणजे ‘एंगेज्ड व्ह्यूज’वर (नुसता सुरू झालेला नव्हे, थांबून बघितलेला शॉर्ट) मिळतात. पार्टनर प्रोग्रामची (यूट्यूबवर कमाई सुरू करण्याची योजना) 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूजची अटसुद्धा त्यावरच.

यूट्यूब स्टुडिओत ॲनालिटिक्स, मग ॲडव्हान्स्ड मोड उघडा आणि एंगेज्ड व्ह्यूजचा रकाना लावा. बदलाआधीचे व्ह्यूज आणि आताचे एंगेज्ड व्ह्यूज यांचीच तुलना करा, बाकी तुलना फसवी आहे.

मग किती जणांनी बघितलं आणि किती जणांनी स्वाइप करून पुढे ढकललं, ते बघा. डीजेच्या नावाचा लोगो आणि ‘सबस्क्राइब करा’ यात पहिले तीन सेकंद गेले की माणूस गेला. ढोलकीच्या तुकड्यावर किंवा कोरसच्या ओळीवर थेट सुरुवात करा.

लूपचा कट आवर्तनावरच हवा. 120 बीपीएमला (मिनिटाला 120 ठोके) चार ठोक्यांचं आवर्तन 2 सेकंदांचं, म्हणजे 16 आवर्तनं 32 सेकंद, सेकंदाला 30 फ्रेमच्या टाइमलाइनवर बरोबर 960 फ्रेम. टाइमलाइनवर एमपी3 घेऊ नका, त्याच्या सुरुवातीला बारीक शांतता जोडली जाते आणि जोडावर ठेका लंगडतो. वेव्ह फाइल घ्या.

हिशेबनीस:
‘अर्धे पैसे जातात’ हे अर्धंच खरं आहे, आणि या गैरसमजापायी लोक उगाच चांगलं गाणं टाळतात. एका गाण्याच्या शॉर्टवर आलेल्या जाहिरातीच्या पैशातला अर्धा भाग म्युझिककडे जातो, दोन गाणी असतील तर दोन तृतीयांश. उरलेला भाग क्रिएटर पूलमध्ये, म्हणजे चॅनेलवाल्यांना वाटायच्या सामायिक रकमेत पडतो. हे सगळं वाटपाच्या आधी होतं. पूल प्रत्येक देशाचा वेगळा, आणि त्या देशात कमाई सुरू असलेल्या चॅनेलच्या एकूण व्ह्यूजमध्ये तुमचा जितका हिस्सा, तितकी रक्कम तुमच्या नावे. तिच्यातले 45 टक्के तुमचे, गाणं वापरलं असो वा नसो.

म्हणून एंगेज्ड व्ह्यूज तेवढेच राहून कमाई हलली, तर आधी देशवार रकाना उघडा. प्रेक्षक अमेरिकेतला की भारतातला, यावर खूप फरक पडतो.

कॉपीराइट_बघा:
अख्खं रिमिक्स टाकू नका. 1 मिनिटापेक्षा मोठ्या शॉर्टवर कंटेंट आयडीचा (यूट्यूबची गाणं ओळखणारी यंत्रणा) क्लेम, म्हणजे मालकाचा हक्काचा दावा, आला की तो जगभर ब्लॉक होतो. मग फीड कितीही मेहेरबान असो, व्ह्यूज शून्य. दुसऱ्याचं गाणं असेल तर 60 सेकंदांच्या आत राहा. पिच चढवून किंवा वेग बदलून क्लेम चुकेल या भरवशावर राहू नका, आणि वर्णनात ‘क्रेडिट मूळ मालकाला’ लिहिणं म्हणजे परवानगी नव्हे.

त्याहून मोठा धोका चित्राचा आहे. सिनेमातली क्लिप जशीच्या तशी लावून वर बीट टाकला, तर ते व्ह्यूज कमाईसाठी अपात्र ठरू शकतात. रियूज्ड कंटेंटच्या (दुसऱ्याचा मजकूर फारसा न बदलता वापरणं) नियमाखाली तर सबंध चॅनेलची कमाई बंद होऊ शकते. स्वतःचं चित्रीकरण, पॅडवर वाजवतानाचे हात, नाचाची मूळ रचना, असं काहीतरी चौकटीत दिसू द्या. इन्स्टाग्रामनेही एप्रिल 2024 मध्ये जाहीर केलं की 30 दिवसांत 10 किंवा जास्त वेळा दुसऱ्याचा मजकूर टाकणारी खाती शिफारशीतून वगळणार.

ठेका_एडिट्स:
पारंपरिक कोळीगीत असेल तर क्लेम येणार नाही ना?

कॉपीराइट_बघा:
चाल पारंपरिक असली तरी रेकॉर्डिंग कुणाचं तरी असतं. भारतात रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. 1960 चं रेकॉर्डिंग 1 जानेवारी 2021 पासून मोकळं, 1990 च्या कॅसेटवरचं अजून नाही. गायक, ढोलकी, बेंजो घेऊन नव्याने रेकॉर्ड करा आणि प्रोजेक्ट फाइल जपून ठेवा. चुकीच्या क्लेमला डिस्प्यूट करताना, म्हणजे हरकत घेताना, तीच हाताशी लागते. डिस्प्यूट 5 दिवसांच्या आत टाका, म्हणजे क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनचे पैसे राखून ठेवतात.