राजकुमारांचा गळा कुणाचा?
कन्नड सिनेमाचे नायक राजकुमार आपली गाणी स्वतःच म्हणायचे, असं म्हटलं जातं. १९७४ च्या 'संपत्तिगे सवाल' या चित्रपटानंतरचं ते खरं. त्याआधीची कितीतरी वर्षं पडद्यावर ओठ त्यांचे आणि गळा पी. बी. श्रीनिवास यांचा. मृदू, खालच्या पट्टीतला, कुठेही न ओरडणारा.

आणि हे गृहस्थ मूळचे कन्नडिग नव्हेतच! काकीनाड्याचे तेलुगू, मुक्काम मद्रासला, वर उर्दू गझला लिहायचा नाद. उतारवयात तिथल्या वुडलँड्स ड्राइव्ह-इन रेस्टॉरंटमध्ये डोक्यावर टोपी आणि खिशात रंगीत पेनांची रांग घेऊन लिहीत बसलेले दिसायचे. गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार राजकुमारांना 'जीवन चैत्र'साठी मिळाला. श्रीनिवासांच्या वाट्याला तो कधीच आला नाही, हे मला तरी खटकतं.