एजी ग्रिड: तारीख नसलेल्या ओळी दोन्ही क्रमांत तळाशी कशा ठेवाव्यात?

प्रश्न:
नमस्कार. वेबपानावर तक्ते दाखवणाऱ्या एजी ग्रिड या जावास्क्रिप्ट लायब्ररीत माझ्या ‘अंतिम मुदत’ या कॉलममध्ये तारखा मजकूर म्हणून येतात, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. त्यामुळे चढत्या क्रमात ०५/११/२०२४ ही तारीख १२/०३/२०२४ च्या आधी लागते आणि ज्या ओळींत तारीखच नाही त्या सर्वांत वर जाऊन बसतात. या ओळी दोन्ही क्रमांत तळाशी राहाव्यात आणि अनुक्रमांकाच्या कॉलमला सॉर्टिंग नसावे, हे कसे साधता येईल?

उत्तर १:
अनुक्रमांकाचे सोपे आहे. त्या कॉलमच्या व्याख्येत ‘सॉर्टेबल’ला ‘फॉल्स’ द्यावे. तारखांच्या बाबतीत मात्र ग्रिड मजकुराची तुलना डावीकडून एकेका अक्षराने करते, म्हणून दिवसाचा आकडा महिन्यावर आणि वर्षावर मात करतो. ‘व्हॅल्यू गेटर’मधून (ग्रिडला मूल्य पुरवणारे फंक्शन) खरी डेट वस्तू, म्हणजे जावास्क्रिप्टची तारीख, द्यावी आणि दिसण्यापुरते रूप ‘व्हॅल्यू फॉरमॅटर’वर (मूल्य कसे दिसावे ते ठरवणारे फंक्शन) सोपवावे, कारण सॉर्टिंग मूळ मूल्यावर होते, दिसणाऱ्या मजकुरावर नाही. मजकूर तसाच डेटच्या हवाली करू नये. ब्राउझर त्यातला पहिला आकडा महिना समजतात. तिरप्या रेघेवर तुकडे करून वर्ष, महिना, दिवस वेगळे द्यावेत आणि महिन्यातून १ वजा करावा, कारण तेथे नोव्हेंबर म्हणजे १०. तारीख नसेल तेथे ‘नल’च (रिकामे मूल्य) परत करावे, अवैध डेट दिल्यास तिच्याशी केलेली प्रत्येक तुलना खोटी ठरते आणि क्रम वाटेल तसा लागतो.

उत्तर २:
रिकाम्या ओळींसाठी स्वतःचा ‘कंपॅरेटर’, म्हणजे दोन मूल्यांपैकी कोणते आधी लागेल ते सांगणारे फंक्शन, लिहावा लागेल. उतरत्या क्रमात ग्रिड त्याच्या उत्तराचे चिन्ह उलटवते, म्हणून ‘नल’साठी नेहमी १ परत केल्यास त्या ओळी पुन्हा वर चढतात. यासाठीच पाचवा आर्ग्युमेंट ‘इज डिसेंडिंग’ मिळतो: फक्त पहिले मूल्य रिकामे असल्यास उतरत्या क्रमात -१, एरवी १, फक्त दुसरे रिकामे असल्यास नेमके उलट, आणि दोन्ही रिकामी असल्यास ०. हे शून्य बहुतेक जण विसरतात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे, दोन्ही उपाय लागू पडले. आता तिसऱ्या क्लिकला सॉर्टिंग निघून जाते, ते टाळता येईल का?

उत्तर २:
होय. ‘सॉर्टिंग ऑर्डर’मध्ये केवळ चढता आणि उतरता हे दोनच पर्याय ठेवावेत, सर्व कॉलमना हवे असल्यास ते ‘डीफॉल्ट कॉलम डेफ’मध्ये लिहावे. मात्र पुढे सर्व्हर-साइड रो मॉडेलकडे (ओळी सर्व्हरकडून मागवण्याची पद्धत) वळलात, तर सॉर्टिंग सर्व्हरकडे जाते आणि हा कंपॅरेटर बाजूला पडतो. डेटाबेस पोस्टग्रेस असेल, तर तेथे क्वेरीतच ‘नल्स लास्ट’ (रिकामी मूल्ये शेवटी) लिहावे.