टो केलेला सेन्सर खाली जाताना वेगळा ऑक्सिजन दाखवतो, वर येताना वेगळा, असं का?

दर्यातला_नवखा: मंडळी, मुंबईत एमएस्सी करतोय, सरांनी प्रोजेक्टला अरबी समुद्रातल्या क्रूझचा डेटा दिलाय. जहाजामागे केबलने ओढतात ती टोबॉडी, वर-खाली होत जाते, तिच्यावर सीटीडी (क्षारता, तापमान, खोली मोजणारं यंत्र) आणि ऑक्सिजनचा ऑप्टोड (प्रकाशाने ऑक्सिजन मोजणारा सेन्सर). 80 मीटरच्या आसपास ऑक्सिजन झपकन पडतो तिथे उतरताना रीडिंग जास्त, चढताना कमी, अख्खा प्लॉट करवतीसारखा दातेरी. मित्र म्हणतो दोन्हीचं ॲव्हरेज घे नि मोकळा हो. घेऊ का? की सेन्सरच गंडलाय?

विंकलरवाली: ॲव्हरेज अजिबात नको! सेन्सर बहुतेक ठीक आहे, फक्त स्लो आहे, त्याच्या तोंडावरच्या पातळ पापुद्र्यात, म्हणजे फॉइलमध्ये, ऑक्सिजन झिरपायला वेळ लागतो ना. समजा रिस्पॉन्स टाइम 10 सेकंद आणि बॉडी सेकंदाला 1 मीटर उतरतेय, तर रीडिंग साधारण 10 मीटर वरच्या पाण्याचं असतं, चढताना 10 मीटर खालचं, म्हणजे दोन्हींत 20 मीटरचा फरक. ॲव्हरेज काढलंस की उतार पसरट होणार आणि तुला जे बघायचंय तेच पुसलं जाणार.

अंधेरीकर: घाई नको, फरक खराही असू शकतो. जहाज 8 नॉटने चाललं तर सेकंदाला 4 मीटर, म्हणजे 100 मीटर उतरेपर्यंत तू 400 मीटर पुढे, मध्ये पाण्याच्या आतल्या आत उठणाऱ्या लाटांनी थर वर-खाली झाला असेल. तापमानाचा सेन्सर फास्ट असतो, म्हणून ऑक्सिजन खोलीऐवजी तापमानाविरुद्ध प्लॉट कर. तरीही चढ-उतार वेगळे राहिले तर लॅग, म्हणजे सेन्सरचा उशीर, जुळले तर पाणीच हललं होतं.

दर्यातला_नवखा: केलं. वेगळेच राहिले.

विंकलरवाली: मग लॅगच. 5 पासून 30 सेकंदांपर्यंत टाइम कॉन्स्टंट (म्हणजे तोच रिस्पॉन्स टाइम) घालून करेक्शन करून बघ, चढ-उतार सगळ्यात जास्त जुळतील तो ठेव. थंड पाण्यात सेन्सर आणखी सुस्तावतो त्यामुळे एकच आकडा सगळीकडे चालेलच असं नाही, आणि आधी थोडं स्मूदिंग कर नाहीतर नॉइज फुगेल. ऑप्टोडला मीठ कळत नाही, सेटिंगमध्ये क्षारता 0 राहिली असेल तर रीडिंग 20 टक्क्यांच्या आसपास जास्त येतं, तेही तपास.

वर्सोव्याचा_कोळी: भाऊ, यातलं अर्धं डोक्यावरून गेलं, पण पाण्यात ऑक्सिजन संपला की मासळीचं काय होतं ते सांगा ना.

अंधेरीकर: दादा, खोल समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटरपर्यंत ऑक्सिजन बारमाही जवळपास नसतोच. पावसाळ्यात हेच पाणी किनाऱ्याकडे वर चढतं, सप्टेंबर-ऑक्टोबरला उथळ तळाशीही ऑक्सिजन संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतं, मग तळची मासळी तिथून पळते. म्हणून तो थर नेमका किती मीटरवर आहे यावर एवढी डोकेफोड.

विंकलरवाली: आणि नवख्या, टोच्या आधी-नंतर जहाज थांबवून बाटल्यांतून पाणी घेतलं असेल तर त्याचं विंकलर टायट्रेशन (रसायनं घालून ऑक्सिजन मोजायची पद्धत) सरांकडे माग. त्याच्याशी जुळवल्याशिवाय कुठल्याच सेन्सरच्या आकड्यावर जाऊ नकोस.